'माद्रुगादा' म्हणजे दर वेळी 'डॉन' नव्हे

स्पॅनिशमधून इंग्रजीत भाषांतर करताना 'माद्रुगादा' दिसलं की तू लगेच 'डॉन' (dawn, उजाडण्याची वेळ) लिहितोस, ती सवय आधी सोड. स्पॅनिशमध्ये हा शब्द मध्यरात्र उलटल्यापासून उजाडेपर्यंतचा सगळा वेळ व्यापतो. 'लास दोस दे ला माद्रुगादा' म्हणजे रात्रीचे 2. इंग्रजीत तिथे 'टू इन द मॉर्निंग' पुरतं. वेळ दिलेली नसेल तर 'स्मॉल अवर्स' बघ. पूर्वेला फटफटत असेल तरच 'डॉन'. आपली पहाटही इथे फसवते, 'उत्तररात्र' जास्त जवळची.

'माद्रुगार' हे क्रियापद मात्र भल्या पहाटे उठण्याचं. 'आल के माद्रुगा, दियोस ले आयुदा', लवकर उठणाऱ्याला देव साथ देतो. इंग्रजीत या म्हणीसाठी 'द अर्ली बर्ड कॅचेस द वर्म', म्हणजे लवकर उठून किडा टिपणारा पक्षी, तयारच असतो. पण पुढच्या ओळीत देवाचा संदर्भ असेल तर तो पक्षी आणू नकोस.