पुण्याहून सेसना १७२ ने हैदराबाद: इंधन आणि पार्किंग कसं ठरवायचं?

आधी इंधन कुठे मिळतं ते बघा, मग नकाशा उघडा. सेसना १७२ या एका इंजिनाच्या छोट्या विमानाला एव्हगॅस १०० एलएल, म्हणजे विमानाचं खास पेट्रोल लागतं. मोठ्या विमानतळांवर सर्रास मिळतं ते जेट ए-१, म्हणजे जेट विमानांचं रॉकेलसारखं इंधन, ते हिला अजिबात चालत नाही. ताशी साधारण ३५ लिटर धरा. अडीच तासांचं जाणं टाकीत आरामात बसतं, पण तिथे एव्हगॅस नसेल तर परतीचं काय? फोन करून साठा विचारा, कागदावरच्या 'उपलब्ध'वर विसंबू नका.

पुण्याचा लोहगाव विमानतळ म्हणजे हवाई दलाचा तळ, त्यामुळे स्लॉट (उड्डाणाची ठरलेली वेळ) आणि पार्किंगची परवानगी आधीच काढा. व्हीएफआर उड्डाण, म्हणजे बाहेर डोळ्यांनी बघून केलेलं उड्डाण, सूर्यास्तापूर्वी संपवावं लागतं, म्हणून मुक्कामाची जागाही आधीच पक्की करा. विमान बांधायचे दोर मात्र स्वतःचेच न्या, नाहीतर पावसाळी वाऱ्यात उसने शोधत बसाल.