थ्रीडी पिक्चर बघून माझं डोकं दुखतं आणि मुलाला तर थ्रीडी दिसतच नाही, डोळ्यांत दोष असेल का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही साताऱ्याहून लिहिलंय की सुट्टीत सगळे मिळून थ्रीडी पिक्चरला गेलात, अर्ध्या तासात तुमचं कपाळ ठणकायला लागलं, मिस्टर म्हणाले हे तुझ्या मनाचे खेळ, आणि मग शेवटच्या ओळीत जाता जाता लिहिलंय की ७ वर्षांचा मुलगा बाहेर आल्यावर म्हणाला, "त्यात काय होतं, आपल्या टीव्हीसारखंच तर होतं." तुम्ही विचारताय स्वतःच्या डोकेदुखीबद्दल, पण मला त्या शेवटच्या ओळीनं जास्त काळजी वाटली, म्हणून दुकान बंद केल्यावर लिहायला बसलो.

मी सांगलीत डोळे तपासायचं काम करतो, ऑप्टोमेट्रिस्ट आहे, १६ वर्षं झाली. थ्रीडी हा माझ्या आवडीचा विषय, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, सांभाळून घ्या.

आधी तुमची डोकेदुखी. समोर बोट धरा आणि ते बघत बघत नाकाकडे आणा, दोन्ही बुबुळं आत वळतात आणि त्याच वेळी डोळ्यातलं भिंग फुगून जवळचं फोकस करतं. ही दोन कामं आपण लहानपणापासून जोडीनंच करत आलोय. थ्रीडीत काय होतं, तर डाव्या डोळ्याला एक चित्र आणि उजव्याला थोडं सरकवलेलं दुसरं, त्यामुळे बुबुळं वळतात पिक्चरमधला एखादा पक्षी अंगावर येतोय असं वाटतं तिथं, पण उजेड तर पडद्यावरूनच येतोय, म्हणजे भिंगाला फोकस पडद्यावरच ठेवावा लागतो. जोडीतला एक बैल पुढं ओढतोय आणि दुसरा जागेवर उभा, असं ते. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात मार्टिन बँक्स यांच्या टीमनं यावर २००८ साली फार छान काम छापलं, त्यांनी असा डिस्प्ले बनवला की चित्र ३ वेगवेगळ्या अंतरांवर फोकस करता येईल, म्हणजे बाकी सगळं तेच ठेवून फक्त ही जोडी कधी जुळवायची कधी मोडायची. जोडी मोडली की माणसांना दोन चित्रांचं एक करायला जास्त वेळ लागत होता आणि डोळेही जास्त थकत होते.

पण यात अंतराचा हिशोब फार महत्त्वाचा आहे. आमच्या चष्म्याच्या नंबरच्या भाषेत सांगतो. थिएटरात पडदा १५ मीटरवर आणि वस्तू पुढं येऊन ५ मीटरवर दिसली तर भिंग आणि बुबुळं यांच्यात फरक पडतो साधारण ०.१३ नंबरचा, म्हणजे काहीच नाही. घरातला थ्रीडी टीव्ही २ मीटरवर आणि वस्तू आली १ मीटरवर तर अर्ध्या नंबरचा फरक. आणि हातातला स्क्रीन ४० सेंटिमीटरवर धरून वस्तू ३० वर आली तर ०.८ च्या वर जातो, तिथं डोळे खरंच कुरकुरतात. म्हणून थिएटरात दुखलं तर मी बाकीच्या गोष्टी आधी विचारतो. पुढच्या रांगेत बसला होता का? मान तिरकी होती का? हे दुसरं कुणी सांगत नाही, पण शेजारच्याच्या खांद्यावर डोकं टेकवून थ्रीडी बघितलं की डावं-उजवं चित्र डोळ्यांच्या हिशोबानं वर-खाली होतं, आणि एक बुबुळ वर एक खाली असं आपल्याला फारसं करताच येत नाही, त्या ओढाताणीत कपाळ धरतं. एका डोळ्याचं चित्र दुसऱ्याला पुसटसं दिसत राहतं, सावलीसारखं, त्याचाही त्रास होतो. शिवाय काळसर चष्म्यानं पडदा अंधुक होतो आणि तुम्ही तर तो तुमच्या नंबरच्या चष्म्यावर घातला असं लिहिलंय, नाकावर दोन चष्म्यांचं ओझं घेऊन अडीच तास!

आता मिस्टरांचं म्हणणं. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठात जेनी रीड यांनी ४ ते ८२ वर्षं वयाच्या ४३३ लोकांना एकच पिक्चर दाखवला, काहींना साधा, काहींना थ्रीडी. निष्कर्ष २०१४ ला छापले. थ्रीडीमुळे त्रास होणारे साधारण १४ टक्के निघाले, डोकेदुखी आणि डोळ्यांवर ताण हेच मुख्य. पण त्यांनी अजून एक केलं जे मला फार आवडलं, काही लोकांना थ्रीडीचा चष्मा घालून साधाच सपाट पिक्चर दाखवला, तर त्यातही ८ टक्क्यांच्या आसपास लोकांनी त्रास सांगितला! म्हणजे काही वाटा चष्म्याचा आणि काही 'थ्रीडीनं डोकं दुखतं' हे आधी ऐकलेलं असतं त्याचा. तर मिस्टरांचं थोडं खरं आहे, पण थोडंच, आणि मनातून आलेली डोकेदुखी पण दुखतेच ना. आणि तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तरही यातच आहे, डोळ्यांत आधीपासून दोष असणाऱ्यांना थ्रीडीचा त्रास जास्त होतो असा संबंध रीड यांना सापडला नाही. तेव्हा डोकं दुखलं म्हणून डोळे बिघडले असं समजू नका. पुढच्या वेळी मधल्या रांगेत सरळ मान ठेवून बसा, नाहीतर सरळ टूडीचं तिकीट काढा.

आता मुलाचं. डोकं दुखणं आणि थ्रीडी न दिसणं या एकदम वेगळ्या गोष्टी आहेत.

थ्रीडी खरं तर पडद्यावर घडत नाही, डोक्यात घडतं. १८३८ साली चार्ल्स व्हीटस्टोन यांनी हे लंडनला दाखवून दिलं, म्हणजे आपल्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी सीता स्वयंवर हे नाटक केलं त्याच्या ५ वर्षं आधी. फोटोग्राफीसुद्धा लोकांसमोर आली नव्हती, नुसती रेघांची दोन चित्रं आणि दोन आरसे, एका डोळ्याला एक दुसऱ्याला दुसरं, आणि मेंदूनं त्यातून भरीव वस्तू उभी केली. पुढं १९६० च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत बेला युलेश यांनी कॉम्प्युटरवर नुसत्या ठिपक्यांची जोडी केली, एका डोळ्यानं बघाल तर तीळ सांडल्यासारखं, दोन्हींनी बघितलं की मधला चौकोन वर उठतो. पण मेंदूला हे जमायला लहानपणी दोन्ही डोळे एका जागी बघत असावे लागतात. एक डोळा किंचित तिरका असेल किंवा एकाचाच नंबर जास्त असेल आणि चष्मा मिळाला नसेल तर मेंदू त्या डोळ्याचं चित्र दाबून टाकतो. मुलाला हे कळत नाही, कारण त्याला जग तसंच माहितीये.

माझ्याकडे तासगावकडची एक ८ वर्षांची मुलगी आली होती. शाळेतल्या तपासणीत एक एक डोळा झाकून पाटी वाचून घेतली होती, दोन्ही ६/६, म्हणजे नजर उत्तम, घरचे निर्धास्त. आई म्हणाली चेंडू झेलताना तोंडावर घेते, तेवढं बघा. आमच्याकडे एक पुस्तक असतं, त्यात एका पानावर मोठ्ठी माशी असते, पोलराइड चष्मा घालून बघितलं की पंख कागदापासून वर उचललेले दिसतात. मुलांना म्हणायचं पंख चिमटीत धर. ज्यांना खोली, म्हणजे काय पुढं आणि काय मागं आहे ते, दिसते ती हवेतच चिमूट करतात, कागदाच्या चांगलं वर, काही तर हात मागंच घेतात घाबरून. या पोरीनं बोट सरळ कागदावर टेकवलं आणि पंखावरून फिरवलं, अगदी मन लावून, आणि माझ्याकडे बघितलं, बरोबर ना म्हणून. आईला तेव्हा काही कळलं नाही, मला कळलं. एक डोळा अगदी किंचित आत होता, फोटोत पण दिसला नसता, आणि ती आलटून पालटून एकेक डोळा वापरत होती. एक एक झाकून तपासलं तर असं सापडणारच नाही! तिला मी लगेच तिरळेपणाच्या डॉक्टरांकडे मिरजेला पाठवलं.

घाबरवण्यासाठी सांगत नाहीये हे. थ्रीडी न दिसणारी माणसं मजेत जगतात. माझे एक गिऱ्हाईक आहेत, एका डोळ्यानं जवळपास काहीच दिसत नाही, आणि द्राक्षाची विरळणी करतात, घडात कात्री घालून नेमका मणी काढायचा. एकदा बागेत बघत उभा होतो, तर ते मान सारखी हलवत होते डावीकडे उजवीकडे, जवळचा मणी जास्त सरकतो लांबचा कमी, त्यावरून अंतर धरायचं. कुणी शिकवलं नाही त्यांना. आणि दुसरीकडे सुझन बॅरी, अमेरिकेतल्या न्यूरोबायोलॉजिस्ट, लहानपणापासून तिरळ्या, ऑपरेशनं झालेली पण खोली दिसत नव्हती, त्यांना ४८ व्या वर्षी डोळ्यांचे व्यायाम करून पहिल्यांदा ती दिसायला लागली, गाडीत बसल्या तर स्टिअरिंग डॅशबोर्डपासून पुढं आलेलं. तेव्हा ७ वय म्हणजे काही उशीर झालेला नाही. पूर्वी म्हणायचे सात-आठ वर्षांनंतर आळशी डोळ्यावर, म्हणजे मेंदू ज्याचं चित्र दाबून टाकतो त्या डोळ्यावर, उपाय नाही, आता तसं कुणी ठाम म्हणत नाही, पण लवकर तेवढं बरं हे आहेच.

कदाचित तुमच्या मुलाचं काहीच नसेल. मोठ्यांच्या मापाचा चष्मा नाकावरून घसरला असेल, तो वरून बघत असेल. म्हणून आधी त्याला विचारा की चष्मा काढल्यावर चित्र डबल दिसत होतं का, आणि घातल्यावर एक झालं का. एक झालं पण तरी सपाटच होतं म्हणाला तर मग तपासणी हवीच. (फ्रान्सच्या आरोग्य सुरक्षेच्या सरकारी संस्थेनं २०१४ ला सांगितलंय की ६ वर्षांखालच्या मुलांना थ्रीडी दाखवूच नका आणि १३ पर्यंत बेतानं, तेवढं तुमच्या धाकट्या मुलीच्या बाबतीत लक्षात ठेवा.)

घरी एक करून बघा. तुम्ही पेन उभं धरा, टोक वर, मुलापासून हातभर अंतरावर. त्याच्या हातात दुसरं पेन द्या टोक खाली करून, आणि म्हणा वरून झपकन आणून टोकाला टोक लाव, मान हलवायची नाही. ५ वेळा दोन्ही डोळ्यांनी, मग ५ वेळा एक डोळा हातानं झाकून. दोन्ही डोळ्यांनी नेम लागायला पाहिजे आणि एकानं चुकायला पाहिजे, चांगला दोन-तीन बोटं चुकतो. दोन्ही वेळा सारखंच चुकत असेल तर साताऱ्यात कुठल्याही चांगल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा आणि नुसती पाटी वाचून घेऊ देऊ नका, थेट म्हणा की दोन्ही डोळे एकत्र वापरतो का ते बघायचंय, माशीचं पुस्तक किंवा ठिपक्यांची टेस्ट आहे का. नसेल तर कुणाकडे आहे ते तेच सांगतील. आणि काय निघालं ते इथं खाली लिहा, मी बघतो.