कॅथलिक लोकांना आपल्या धर्मात आणि ओळखीत सगळ्यात मोलाचं काय वाटतं?

मी वसईचा, जन्मापासून कॅथलिक, तेव्हा आमच्याकडचंच सांगतो, रोमचं रोमवाल्यांना विचारा :)

बहुतेक जण सांगतील मिस्सा, म्हणजे चर्चमधली रविवारची उपासना. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं गाणी, प्रवचन, उठबस, झालं. पण फादर जी भाकर आणि द्राक्षारस अर्पण करतात ते खरोखर ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतं, नुसती आठवण नाही, अशी आमची श्रद्धा आहे आणि बऱ्याच प्रोटेस्टंट मंडळींशी आमचं इथेच अडतं. कम्युनियन, म्हणजे ती भाकर, घ्यायच्या आधी तासभर काही खायचं नाही हा नियमही त्यामुळेच. आणि जगभर बहुतेक कॅथलिक चर्चमध्ये एका रविवारी बायबलचे तेच उतारे वाचले जातात. माझा चुलत भाऊ कुवेतला असतो, तिकडे सुट्टी शुक्रवारची म्हणून तो रविवारची मिस्सा शुक्रवारीच उरकतो आणि फोनवर सांगतो की या वेळचे उतारे लांबलचक आहेत, तयारीने जा.

पण मला स्वतःला विचाराल तर आम्ही मेलेल्या माणसाला सोडत नाही, हे मला सगळ्यात जास्त आवडतं. घरात कोणी गेलं की वाडीतली माणसं संध्याकाळी जमून रोजरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणतात, मग सातव्या दिवसाची मिस्सा, महिन्याची मिस्सा, पुढे दरवर्षी. आजीच्या नावाने मिस्सा ठेवली की फादर तिचं नाव वाचतात आणि मग बाहेर पडल्यावर कोणीतरी म्हातारी हात धरून सांगायला लागते की तुझी आजी पानवेलीच्या वाडीत कशी सगळ्यांना दमात घ्यायची. २ नोव्हेंबरला तर अख्खं गाव सिमेटरीत, कबरी घासूनपुसून झेंडूच्या माळा, आणि मेणबत्त्या वाऱ्याने विझतच राहतात मग शेजारच्या कबरीवरून पेटवून घ्यायच्या, ज्याचं मागे कोणी उरलं नाही त्याच्याही कबरीवर एक लावायची.

ओळखीचं म्हणाल तर "तुम्ही पोर्तुगीज का हो?" हे ऐकून कान किटलेत. पोर्तुगीजांना चिमाजी आप्पांनी १७३९ साली वसईतून घालवलं, आम्ही इथलेच, इथेच केळी लावत राहिलो. आडनाव डिसोझा असलं तरी घरात बोली इथलीच आणि मिस्सा मराठीत. आमचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. भारतात जन्मलेला पहिला संत, गोन्सालो गार्सिया, तोही वसईचाच, १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मारला गेला. आम्हाला त्याचा अभिमान आहेच, थोडा जास्तच आहे.

सगळे एवढे भाविक असतात असंही नाही हां. प्रवचन सुरू झालं की पोरं बाहेर बाईकवर जाऊन बसतात, सणाच्या डेकोरेशनवर आणि लग्नांवर होणारा खर्च बघून तर डोकं फिरतं.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर कुठल्याही रविवारी या, मिस्साला कोणीही बसू शकतं, फक्त कम्युनियनच्या रांगेत उभं राहू नका, जागेवरच बसा, कोणी काही म्हणत नाही.