60 दिवस, पण कोणत्या तारखेपासून?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. व्यवसायाला सात महिने झाले, विक्री दर महिन्याला वाढते आहे, वहीत नफा दिसतो आहे, आणि तरीही महिनाअखेरीस मजुरी द्यायची वेळ आली की खात्यात पैसे नसतात. अशातच एका मोठ्या कंपनीने तुमच्या आजवरच्या मासिक विक्रीइतके आणखी काम 60 दिवसांच्या उधारीवर देऊ केले आहे, ते कर्ज काढून घ्यावे का, असे तुम्ही विचारता. पुठ्ठ्याची खोकी बनवण्याच्या माझ्या छोट्या कारखान्याच्या पहिल्या वर्षी, आठव्या महिन्यात, मी नेमकी याच जागी उभी होते. मी ते काम घेतले होते. म्हणून हे उत्तर लांबणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

नोंदणी, विमा, घरखर्चाचे आणि धंद्याचे खाते वेगळे ठेवणे, या गोष्टी तुम्ही केल्याच असतील असे धरून चालते. मला बोलायचे आहे ते त्या 60 दिवसांविषयी.

मी करार वाचला होता, हे मुद्दाम सांगते. न वाचता सही केली असती तर निदान स्वतःला दोष देणे सोपे गेले असते. करारात दराची घासाघीस मी चांगली केली, वाहतूक कोणी करायची ते ठरवले, फुटक्या मालाची जबाबदारी ठरवली. ‘देयक स्वीकारल्यापासून 60 दिवसांत रक्कम अदा केली जाईल’ या वाक्यातला 60 हा आकडा मला दिसला आणि ‘स्वीकारल्यापासून’ हा शब्द दिसलाच नाही. माझ्या हिशेबी माल पोहोचला की घड्याळ सुरू होणार होते. दोन महिने कसेबसे निभावून नेण्याची तजवीज मी केली होती, आणि तीही अगदी काठावरची.

आता पहिल्या खेपेचे काय झाले ते दिवसांत सांगते. माल पोहोचला तो दिवस शून्य धरा. मालासोबतच्या चलनावर (पोचपावतीवर) फाटकावरच्या माणसाची सही झाली, पण गोदामात मालाची आवक नोंदवणारे गृहस्थ रजेवर होते, ती नोंद सहाव्या दिवशी झाली. नवव्या दिवशी मी बिल त्यांच्या पोर्टलवर चढवले. त्यानंतर काहीच घडले नाही, आणि काही घडत नाही म्हणजे सर्व सुरळीत चालले आहे असे मी समजले. एकतिसाव्या दिवशी सहज फोन केला तेव्हा कळले की बिल कधीच परत पाठवलेले आहे. कारण काय, तर पीओचा, म्हणजे त्यांच्या लेखी खरेदी मागणीचा, क्रमांक मी बिलाच्या शेऱ्याच्या रकान्यात लिहिला होता, त्याच्या स्वतंत्र रकान्यात नव्हे. क्रमांक बरोबर होता, त्याच पानावर होता, दोन बोटे खाली होता. ‘परत’ हा शब्द पोर्टलच्या एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत उमटला होता. निरोप, पत्र, फोन यांपैकी काहीही आले नव्हते.

तेहतिसाव्या दिवशी दुरुस्त बिल दिले. मग असे निघाले की मी 4,000 खोक्यांचे बिल केले आहे आणि त्यांच्या नोंदीत आवक 3,960 आहे. उरलेली 40 खोकी त्यांच्याच गुणवत्ता विभागाने दाबचाचणीसाठी नेऊन मोडली होती आणि तशी नोंद कोणी केली नव्हती. चाळीस खोक्यांचे पैसे सोडून देते, बाकीचे तरी मान्य करा, असे मी म्हणाले. तसे चालत नाही, फरकाचे कारण गोदामाने लेखी द्यावे लागते, असे उत्तर मिळाले. गोदाम म्हणे, आम्हाला गुणवत्ता विभागाकडून पत्र हवे. अखेर सत्तेचाळिसाव्या दिवशी बिल ‘स्वीकारले’ गेले आणि माझ्या 60 दिवसांतला पहिला दिवस उजाडला. ते 107 व्या दिवशी संपले, पण कंपनी पुरवठादारांचे पैसे महिन्यातून एकाच ठरावीक तारखेला सोडते आणि ती तारीख नुकतीच टळून गेली होती. पैसे हातात आले ते 121 व्या दिवशी.

त्या लेखा विभागाचे नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही, कारण असे विभाग जागोजागी आहेत. तेथील कोणी माझ्याशी उद्धटपणे बोलले नाही. उलट दर वेळी अतिशय सौजन्याने ‘आपले देयक प्रक्रियेत आहे’ एवढेच सांगण्यात आले. ही प्रक्रिया म्हणजे काय, ती कोणाच्या टेबलावर आहे, आणि ती पुढे सरकावी म्हणून मी काय करावे, या तीन प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर चार महिन्यांत मिळाले नाही. ज्या खरेदी अधिकाऱ्याने इतक्या आपुलकीने काम दिले होते, ते ‘पैशांचे आमच्याकडे नसते’ म्हणून मोकळे झाले. त्यांचेही खरेच होते म्हणा. काम देणारा आणि पैसे देणारा हे मोठ्या कंपनीत दोन वेगळे लोक असतात आणि त्यांची आपसांत ओळख असेलच असे नाही, हे मला तोवर कोणी सांगितले नव्हते.

या काळात धंद्याचे काय होते ते एका ढोबळ उदाहरणाने पाहा. दरमहा 100 चा माल तुम्ही त्यांना देता, त्यासाठी पुठ्ठा, शाई, गोंद, मजुरी आणि वीज मिळून 80 खर्चता, म्हणजे महिन्याला 20 नफा. पहिले पैसे चार महिन्यांनी येणार असतील तर तोवर तुमच्या खिशातून 320 गेलेले असतात आणि वहीत मात्र 80 नफा लिहिलेला असतो. काम दुप्पट मिळाले तर वहीतला नफा 160 होतो आणि खिशातून 640 जातात. विक्री वाढते तसतसे तुमचे खाते अधिक रिकामे का होत आहे, हा जो तुमचा मूळ प्रश्न आहे, त्याचे उत्तर बहुधा एवढेच आहे. तुमच्यात काही कमतरता आहे असे त्यातून मुळीच सिद्ध होत नाही. पुठ्ठेवाला 15 दिवसांत पैसे मागतो, कामगार आठवड्याला मागतात, आणि ग्राहक चार महिन्यांनी देतो. मधले अंतर तुम्ही भरून काढता, म्हणजेच तुमच्याहून शेकडो पटींनी मोठ्या कंपनीला तुम्ही बिनव्याजी कर्ज देता.

ते अंतर मी कसे भरले, हे सांगताना आजही संकोच वाटतो. इतर ग्राहकांकडून विक्रीकराचे जे पैसे गोळा झाले होते ते मी वापरले. ते पैसे खात्यात होते म्हणून माझे वाटत होते. प्रत्यक्षात ते सरकारचे होते आणि माझ्याकडे केवळ ठेवायला दिलेले होते. भरण्याची तारीख आली तेव्हा ते नव्हते, मग व्याज आणि दंड लागला, आणि तो भरण्यासाठी घरची ठेव मोडली. याहून जिव्हारी लागले ते वेगळेच. मोठ्या कामाच्या गडबडीत मी लहान ग्राहकांची कामे मागे टाकली. माल नेताना जागेवर पैसे मोजणारी ती माणसे होती. त्यांतली तिघे कायमची दुसरीकडे गेली. त्यांच्यातल्या एका बाईंनी तर मला सबुरीने दोन वेळा आठवणही करून दिली होती.

आता तुमच्या कर्जाच्या प्रश्नाकडे येते. यंत्रासाठी कर्ज घेणे मला समजते, पण ग्राहकाची उधारी पोसण्यासाठी पहिल्याच वर्षी कर्ज घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कर्जाच्या हप्त्याची तारीख पक्की असते, ग्राहकाच्या पैशांची नसते, आणि या दोन तारखांच्या मध्ये तुम्ही सापडता. बिल वटवून देणाऱ्या, म्हणजे ग्राहकाच्या बिलावर आपला हिस्सा कापून आधीच पैसे देणाऱ्या, संस्थांचा पर्याय कोणी सुचवेल. तो वाईट नाही, पण त्यात एक कलम नीट पाहावे: ग्राहकाने पैसे बुडवले तर ते नुकसान संस्थेचे की तुमचे. बहुतेक वेळा ते तुमचे असते. शिवाय वटवायला स्वीकारलेले बिल लागते, आणि माझे घोडे तर तेथेच अडले होते. लवकर पैसे देणाऱ्याला सूट देण्याआधीही हिशेब करावा. 30 दिवसांऐवजी 10 दिवसांत दिल्यास 2 टक्के सूट ही ऐकायला किरकोळ वाटते, पण 20 दिवस आधी पैसे मिळावेत म्हणून दिलेले ते 2 टक्के वर्षाच्या हिशेबाने सुमारे 37 टक्के व्याजाइतके पडतात. अगदी गळ्याशी आले असेल तरच ही सूट द्यावी.

कायदा आपल्या बाजूने असतो, हेही तुम्हाला सांगितले जाईल, आणि ते खोटे नाही. ब्रिटनमध्ये 1998 पासून उशिराच्या देण्यावर बँक ऑफ इंग्लंडच्या मूळ दराहून 8 टक्के अधिक व्याज मागता येते. भारतात 2006 च्या कायद्याने सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे देण्यासाठी करारानेही 45 दिवसांपलीकडची मुदत ठरवता येत नाही. युरोपीय संघाच्या 2011 च्या निर्देशात व्यवसायांमधील देण्यासाठी साधारण 60 दिवसांची मर्यादा आहे. तुमच्याकडचा नियम अवश्य पाहून ठेवा. पण ज्या एकाच ग्राहकावर तुमची निम्मी विक्री अवलंबून आहे त्याला व्याजाचे बिल पाठवण्याचे धैर्य तुम्हाला होईल का, हे स्वतःला विचारा. मला झाले नाही.

म्हणून भांडण्याचा सगळा जोर सहीच्या आधी लावावा. मुदत ‘माल पोहोचल्याच्या तारखेपासून’ असावी. बिलावर हरकत असेल तर ती 7 दिवसांत लेखी कळवावी, न कळवल्यास बिल मान्य धरले जाईल, असे एक वाक्य घालून घ्यावे. निदान कच्च्या मालाचा खर्च निघेल एवढी रक्कम आगाऊ मागावी. मी आता 40 टक्के मागते आणि पुष्कळदा 30 वर तडजोड करते. यातले काहीच मान्य होत नसेल तर काम तुकड्यांत घ्यावे आणि पहिल्या तुकड्याचे पैसे आल्याशिवाय तिसरा तुकडा पाठवू नये. दुसरा पाठवावा, कारण तेवढा विश्वास न दाखवता धंदा होत नाही.

आणखी एक गोष्ट, जी मला कोणत्याही सल्लागाराने सांगितली नाही: पहिला माल पाठवण्याच्या आधी त्यांच्या लेखा विभागात बिल तपासणारी व्यक्ती कोण ते शोधून काढावे आणि नमुन्याचे एक बिल त्यांना दाखवून ‘यात काही राहिले आहे का’ असे विचारावे. दहा मिनिटांचे काम आहे. माझ्या बाबतीत त्या दहा मिनिटांनी पीओच्या रकान्याचे 24 दिवस वाचले असते. बिल दिल्यावर तिसऱ्या दिवशी आणि दहाव्या दिवशी त्याची स्थिती स्वतः पाहावी. काहीच कळले नाही याचा अर्थ सर्व ठीक आहे असा कधीही घेऊ नये.

कराचे पैसे आले त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाकावेत, मोह होणार नाही. आणि पुढच्या 13 आठवड्यांचा एक साधा तक्ता करावा: कोणत्या आठवड्यात किती येणार, किती जाणार, शेवटी किती उरणार. येणे लिहिताना करारातली तारीख लिहू नये, तो ग्राहक प्रत्यक्षात ज्या सवयीने देतो ती लिहावी. मी हा तक्ता दर सोमवारी सकाळी पेन्सिलीने करते, संगणकावर केला तर मी आकडे स्वतःच्या सोयीने बदलते असे लक्षात आल्यामुळे.

मी हिशेबतपासनीस नाही, वकीलही नाही. वस्तू बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्याचा हा अनुभव आहे. तुमच्या धंद्यात कच्चा माल फारसा लागत नसेल, केवळ श्रम आणि वेळ विकायचा असेल, तर वरची ओढाताण बरीच कमी असेल आणि माझी सावधगिरी तुम्हाला भित्रेपणाची वाटेल. तुमची कंपनी वेळेवर पैसे देणारीही असू शकेल. तिला सध्या माल देणाऱ्या दोघांना भेटून विचारावे. पुरवठादार या बाबतीत एकमेकांशी आश्चर्य वाटावे इतके मोकळेपणाने बोलतात.

दहापैकी नऊ व्यवसाय पहिल्याच वर्षी बुडतात असे तुम्ही प्रश्नाच्या शेवटी लिहिले आहे, त्याने उगाच झोप उडवून घेऊ नका. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाचे आकडे अनेक वर्षे साधारण एकच गोष्ट सांगत आले आहेत: पहिल्या वर्षात सुमारे 20 टक्के बंद पडतात आणि पाच वर्षांत जवळपास निम्मे. कमी नाहीत, पण नऊही नाहीत.

माझ्या त्या ग्राहकाचे पुढे काय झाले, असे कोणी विचारेल. दुसऱ्या वर्षी मी अटी बदलायला सांगितल्या, त्यांनी नकार दिला, आणि आठ महिने त्यांच्याकडून काहीच आले नाही. नंतर आले, पूर्वीच्या चौथ्या हिश्श्याइतके, 30 टक्के आगाऊ रकमेसह. पोर्टल तेच आहे. तुमच्या करारात ‘60 दिवस’ या शब्दांच्या आधी नेमके काय लिहिले आहे, ते वाक्य जसेच्या तसे कळवलेत तर पुढचे अधिक नेमकेपणाने सांगता येईल.