श्वानक्रीडेसाठी दूरचा प्रवास : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

दिवाळी सरली की श्वानप्रदर्शनांचा आणि त्यांच्याबरोबर भरणाऱ्या आज्ञापालन व ॲजिलिटी (म्हणजे अडथळे पार करण्याच्या) स्पर्धांचा हंगाम सुरू होतो. या वेळी आलेली बरीच पत्रे स्पर्धेपेक्षा स्पर्धेपर्यंत पोहोचण्याविषयी आहेत. आपण नागपूरकर झीरो माइलचा अभिमान बाळगतो आणि तो बाळगावाही. पण देशाच्या मधोमध राहायचे म्हटल्यावर मुंबई, दिल्ली, बंगळुरू किंवा कोलकाता यांपैकी एकही मैदान आपल्याला जवळ पडत नाही, हेही मुकाट्याने मान्य करावे लागते. पत्रे संक्षेपाने देत आहोत.

प्रश्न : आमचा तीन वर्षांचा लॅब्रडॉर दोन वर्षांपासून ॲजिलिटीचा सराव करतो. जानेवारीत बंगळुरूला प्रथमच स्पर्धेत उतरवायचा विचार आहे. शुक्रवारी रेल्वेने निघून शनिवारी सकाळी थेट मैदानावर जायचे, असा बेत आहे. रेल्वे बरी की मोटार? (एक दांपत्य, मनीषनगर)

उत्तर : वाहनाचे नंतर पाहू, आधी निघण्याचा दिवस बदलावा, अशी आपणांस विनंती आहे. आमच्याकडे पूर्वी राणी नावाची कुत्री होती. तिला घेऊन आम्ही असेच ऐन स्पर्धेच्या सकाळी हैदराबादला पोहोचलो होतो. रात्रीच्या प्रवासात तीनदा गाडी थांबवली, परंतु ट्रकची वर्दळ आणि धाब्यांवरची भुंकणारी कुत्री यांमुळे तिने एकदाही लघवी केली नाही. रिंगमध्ये पहिले तीन अडथळे तिने झोकात पार केले. ओळीने रोवलेल्या काठ्यांमधून, म्हणजे वीव्ह पोल्समधून, जाताना पहिली काठी डाव्या खांद्याशी ठेवून पहिल्या दोन काठ्यांच्या मधून शिरायचे असते. ती दुसऱ्या आणि तिसऱ्या काठीच्या मधून शिरली. परत आणले, तर पुन्हा तेच. मग हिरवळ हुंगत हुंगत ती रिंगच्या मधोमध शांतपणे बसली आणि नऊ तास धरून ठेवलेले सारे तिथे मोकळे केले. रिंगमध्ये घाण झाली की श्वान बाद होतो. चूक संपूर्णपणे आमची होती, आणि परतीच्या वाटेवर ते कबूल करायला आम्हांला आदिलाबादपर्यंतचा वेळ लागला.

तेव्हा आपण गुरुवारीच निघावे आणि शुक्रवारचा दिवस विश्रांती, लहानसहान फेऱ्या आणि झोप यांसाठी मोकळा ठेवावा. जमल्यास त्याच संध्याकाळी मैदानाच्या आसपास पट्ट्याला धरून फिरवून आणावे, म्हणजे तेथील वास दुसऱ्या दिवशी त्याला नवे राहणार नाहीत.

आता रेल्वेविषयी. वातानुकूलित दुसऱ्या व तिसऱ्या वर्गाच्या, शयनयान किंवा बैठ्या डब्यांत श्वान नेता येत नाही. प्रथम वर्गात नेता येतो, पण त्यासाठी दोन शायिकांचा कूपे किंवा चार शायिकांची केबिन पूर्णपणे आपल्या नावावर असावी लागते, आणि कूपे मिळाला की केबिनमधल्या दोन जागा, हे चार्ट तयार होईपर्यंत कळत नाही. म्हणून दोन तिकिटे एकत्र काढून कूपेसाठी रेल्वेच्या वाणिज्य विभागाकडे आगाऊ लेखी अर्ज करावा. नागपुरात मध्य रेल्वे आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वे अशा दोन्हींची विभागीय कार्यालये आहेत, त्यामुळे अर्ज कोठे द्यायचा हे आरक्षण केंद्रात आधी विचारून घ्यावे. आपली गाडी दोघांच्याही कक्षेबाहेरून सुटत असेल, तर हे विचारणे अधिकच आवश्यक ठरते. कूपे मिळाल्यावरही श्वानाची नोंद पार्सल कार्यालयात करावी लागते आणि त्याचे भाडे 60 किलो सामान धरून आकारले जाते. पावती जवळ ठेवावी.

दुसरा मार्ग गार्डच्या डब्यातील श्वानपेटीचा. तो स्वस्त आहे, कारण तेथे 30 किलोंचे भाडे लागते. पण आम्ही तो सुचवणार नाही. ती लोखंडी पेटी असते, तेथे वातानुकूलन नसते आणि वाटेत पाणी पाजायचे तर प्रत्येक थांब्यावर आपल्याला फलाटावरून धावत जावे लागते. शिवाय नागपूर हे दक्षिणेकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांचे मधले स्थानक आहे. गाडी येथे काही मिनिटेच थांबते, आणि तेवढ्यात गोंधळलेला, तीस किलोंचा लॅब्रडॉर अनोळखी पेटीत शिरायला राजी होईलच, असे नाही. गाडी नागपूरहूनच सुटत असती, तर गोष्ट थोडी निराळी होती. मुंबईची स्पर्धा असेल तेव्हा मात्र दुरांतोसारख्या, येथूनच सुटणाऱ्या आणि प्रथम वर्गाचा डबा असलेल्या गाडीचा जरूर विचार करावा.

या सगळ्यामुळे बंगळुरूसाठी आमचा कौल मोटारीला आहे, तोही दोन टप्प्यांत; मग मात्र शुक्रवार मोकळा राहावा म्हणून गुरुवारऐवजी बुधवारीच निघावे. राष्ट्रीय महामार्ग 44 ने हिंगणघाट, आदिलाबाद, निर्मल असे करीत सुमारे 500 किलोमीटरवर हैदराबाद येते. तेथे मुक्काम करावा आणि दुसऱ्या दिवशी कर्नूल, अनंतपूरमार्गे उरलेली वाट संपवावी. श्वानाला मागच्या बाजूस क्रेटमध्ये, म्हणजे प्रवासी पिंजऱ्यात, ठेवावे आणि क्रेट पट्ट्यांनी घट्ट बांधावा. मांडीवर किंवा पुढच्या आसनावर बसवू नये, कारण एअरबॅग उघडली तर तिचा तडाखा त्याला झेपणार नाही. दर अडीच-तीन तासांनी थांबावे. थांबण्यासाठी धाब्याचे अंगण टाळून पेट्रोलपंपामागची मोकळी, शांत जागा पाहावी आणि दार उघडण्यापूर्वी पट्टा हातात घ्यावा. दिल्ली किंवा जबलपूरच्या दिशेने जाणाऱ्या वाचकांसाठी एक जोड : मनसरपासून खवासापर्यंतचा रस्ता पेंचच्या जंगलातून जातो, आणि बिबट्याला कुत्रा प्रिय आहे. देवलापारच्या पुढे अंधारात श्वानाला खाली उतरवू नये.

आणखी एक गोष्ट, जी पहिल्या खेपेस सगळेच विसरतात. स्पर्धेपूर्वी हँडलरला, म्हणजे श्वानाला रिंगमध्ये धावत नेणाऱ्याला, श्वानाविना अडथळ्यांचा कोर्स पायी फिरून पाहण्यासाठी काही मिनिटे दिली जातात. त्या वेळी तुमचा श्वान कोणाजवळ असेल? आपण दोघेही मार्ग पाठ करायला गेलात आणि तो बंद मोटारीत राहिला, तर जानेवारीच्या उन्हातही मोटारीची काच अर्ध्या तासात आतली हवा जीवघेणी तापवू शकते. दोघांपैकी एकाने क्रेटपाशी सावलीतच बसावे.

प्रश्न : आमचा बीगल शहराच्या वेशीवरच्या वाडीपर्यंत जाईतो दोनदा उलटी करतो. पुण्यापर्यंत कसा न्यावा? झोपेची गोळी चालेल का? (एक वाचक, प्रतापनगर)

उत्तर : झोपेची गोळी मुळीच देऊ नये. अशा औषधांनी रक्तदाब उतरतो आणि शरीराचे तापमान सांभाळण्याची शक्ती मंदावते, शिवाय मळमळ थांबतेच असे नाही. प्राणी नुसता गप्प पडून राहतो आणि आपल्याला तो बरा आहे असे वाटते. मळमळीवर निराळी, परिणामकारक औषधे आहेत. ती पशुवैद्यांनी वजन पाहून लिहून द्यावीत आणि त्यांची चाचणी स्पर्धेच्या प्रवासात न घेता आधी एखाद्या रविवारी घ्यावी. पूर्ण जेवण निघण्याच्या सहा ते आठ तास आधी उरकावे.

मूळ उपाय मात्र सवयीचा आहे. आठवडाभर बंद इंजिनाच्या मोटारीत बसवून खाऊ द्या, पुढच्या आठवड्यात इंजिन सुरू ठेवून, मग गल्लीच्या टोकापर्यंत, मग अंबाझरी तलावापर्यंत. बऱ्याच श्वानांना मोटार म्हणजे दवाखाना एवढेच ठाऊक असते, आणि ती उलटी निम्मी भीतीची असते. अंबाझरीला नेऊन मनसोक्त खेळू दिलेत, तर हा हिशेब हळूहळू बदलतो.

प्रश्न : आमची कुत्री गावठी आहे, गोकुळपेठ बाजाराजवळ सापडलेली. ती उड्या सुरेख मारते. तिला बाहेरगावच्या स्पर्धेत घेतात का, की वंशावळीचे कागद लागतात? (एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, धरमपेठ)

उत्तर : प्रदर्शनाच्या रिंगमध्ये, जिथे जातीच्या मानकाशी तुलना होते, तिथे केनेल क्लब ऑफ इंडियाची नोंदणी लागते. हा क्लब 1896 सालचा, मुख्यालय चेन्नईला. ॲजिलिटीची गोष्ट वेगळी आहे. हा खेळ 1978 मध्ये लंडनच्या क्रफ्ट्स प्रदर्शनात घोड्यांच्या अडथळा-शर्यतीच्या धर्तीवर, दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळेत प्रेक्षकांच्या करमणुकीसाठी म्हणून दाखवला गेला. त्यात वंश मोजला जात नाही. खांद्यापाशी उंची मोजून गट ठरतो आणि त्यानुसार अडथळ्यांची उंची. तरीही प्रत्येक आयोजकाचा प्रवेशनियम निराळा असतो, म्हणून अर्ज भरण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे. हजार किलोमीटर जाऊन फाटकावर नकार ऐकण्यासारखे दुःख नाही. वय दीड वर्षाच्या आत असेल तर सध्या थांबावे; हाडे पक्की होईपर्यंत पूर्ण उंचीच्या उड्या देऊ नयेत. आणि ती माजावर असेल तर आयोजकांना आधी कळवावे, नाहीतर त्या दिवशी मैदानावरचा एकही नर कोणाचे ऐकणार नाही.

प्रश्न : कोणते कागद जवळ असावेत? (एक वाचक, सदर)

उत्तर : रेबीजच्या व इतर लसींच्या नोंदीची पुस्तिका, निघण्याच्या अगदी जवळच्या तारखेचे पशुवैद्यांचे आरोग्य प्रमाणपत्र, मायक्रोचिप क्रमांक आणि प्रवेशाची पावती. प्रत्येकाची एक प्रत मोटारीत, एक हँडलरच्या खिशात. पहिल्यांदाच रेबीजची लस देत असाल तर ती निघण्याच्या किमान तीन आठवडे आधी द्यावी, कारण प्रतिकारशक्ती तयार व्हायला तेवढा अवधी लागतो.

प्रश्न : मे महिन्यात एका थंड हवेच्या ठिकाणी स्पर्धा आहे. तेथे ऊन नसते. जावे का? (एक वाचक, हिंगणा रस्ता)

उत्तर : तेथे ऊन नसेल, वाटेत आहे. जाऊ नये.

प्रश्न : स्पर्धेहून परतल्यावर चौथ्या दिवशी आमचा श्वान खोकू लागला, जेवणही कमी झाले. शेजारी म्हणतात, प्रवासाचा शीण आहे. (एक वाचक, कामठी)

उत्तर : शीण एक-दोन दिवसांत उतरतो, चौथ्या दिवशी सुरू झालेला खोकला शीण नसतो. जिथे शंभर श्वान एका मैदानावर येतात, एकाच बादलीतले पाणी पितात, तिथे केनेल कफ, म्हणजे श्वानांचा संसर्गजन्य खोकला, झपाट्याने पसरतो आणि त्याची लक्षणे बहुधा दोन दिवसांपासून दोन आठवड्यांच्या आत दिसतात. घरातील व शेजारच्या श्वानांपासून त्याला वेगळे ठेवावे, गळ्यातला पट्टा काढून छातीचा हार्नेस वापरावा आणि पशुवैद्यांना दाखवताना प्रवासाचे ठिकाण व तारखा आवर्जून सांगाव्यात. गुदद्वारी तापमान घ्यावे : श्वानाचे साधारण तापमान 38 ते 39.2 अंश सेल्सिअस असते, त्यामुळे माणसाच्या हिशेबाने ताप वाटला तरी लगेच घाबरू नये. पण आकडा 39.5 च्या वर टिकून राहिला, हिरड्या फिक्या दिसल्या किंवा कानामागे, बोटांच्या बेचक्यात गोचीड सापडली, तर खोकल्याच्या औषधावर न थांबता रक्ततपासणी करून घ्यावी, कारण गोचीडताप प्रवासानंतर दोन-तीन आठवड्यांनीही डोके वर काढतो. सेमिनरी हिल्सवरील पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात सकाळी लवकर जावे, आणि सापडलेली गोचीड फेकून न देता लहान डबीत घालून बरोबर न्यावी.