थोरॅसिक आउटलेट सिंड्रोमसाठी रोबोटिक ऑपरेशन करावं, की साधं?

तुम्ही लिहिलंय की बहिणीला हे दुखणं, म्हणजे पहिल्या बरगडीपाशी हाताच्या नसा दबण्याचं, निघालंय, मुंबईचे डॉक्टर रोबोटिक म्हणतायत आणि घरचे म्हणतायत यंत्राच्या हातात जीव देऊ नका. हे शेवटचं वाचलं आणि गप्प बसवेना. आमच्या घरात हेच वाक्य मी तीन वर्षं ऐकलंय.

मी देवगड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझं दुखणं फळ्यावर सुरू झालं. सगळ्यात वरच्या ओळीत वार, दिनांक, सुविचार लिहायला हात वर गेला की करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटात मुंग्या यायच्या, हात जड व्हायचा आणि खडू सुटायचा. फळ्याच्या खालच्या अर्ध्यात काही त्रास नाही. हात वर नेला की होतं, हे मी चार डॉक्टरांना सांगितलं. चौघांनी मानेचा एमआरआय बघितला. चाळिशीतल्या बाईच्या मानेत थोडी झीज दिसणारच. मग कॉलर, बी-१२ च्या गोळ्या, वजन लावून मान ओढणं. नंतर कुणाला मनगटात नस दबल्याची शंका आली, नसांची तपासणी केली, ती नॉर्मल. आणि रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे घरच्यांच्या दृष्टीने मी बरी झाले. त्या वर्षी आंब्याच्या पेट्या भरायला मला जमलं नाही. त्याचा अर्थ घरात काय लावला गेला ते मी विसरलेले नाही.

ओळखलं ते कुडाळच्या एका तरुण फिजिओथेरपिस्ट मुलीने. दोन्ही हात खांद्याच्या रेषेत वर धरायला लावले, कोपरं काटकोनात, आणि तीन मिनिटं मुठी उघडझाप करायला सांगितल्या. माझा उजवा हात मिनिटभरात खाली पडला. ती म्हणाली, ‘मॅडम, मानेचं नाहीये हे, पहिल्या बरगडीचं आहे.’ मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा मानेच्या दोन स्नायूंच्या फटीतून आणि मग कॉलरबोन व पहिली बरगडी यांच्यामधून जातात. तिथे जागा कमी पडली की नसा चेपतात. काहींना मानेत एक जादा बरगडीच असते, मला एक्सरेत ती नव्हती. सहा महिने तिने व्यायाम करून घेतले. खांद्याची ठेवण सुधारली, झोप लागायला लागली, पण फळ्याची वरची ओळ काही परत मिळाली नाही.

मग मुंबईत डॉक्टरांनी मानेतल्या स्नायूत भूल देणारं इंजेक्शन दिलं. सोनोग्राफीवर बघत सुई घालतात. स्नायू काही तास सैल पडतो, आणि तेवढ्यात त्रास थांबला तर ऑपरेशनचा उपयोग होण्याची शक्यता जास्त, असं गणित. अर्ध्या तासाने मी दवाखान्याच्या बाकावर बसून दोन्ही हात डोक्यामागे नेले आणि अंबाडा घातला. दोन वर्षांत पहिल्यांदा, स्वतःच्या हाताने. नवरा बघत राहिला. मी सोडला आणि परत घातला. संध्याकाळी मुंग्या परत आल्या, पण आता त्यांना जागा होती, कारण होतं. मला वेड लागलेलं नव्हतं.

तारीख ठरली तशी थोरल्या दिरांनी, भावोजींनी, देवळात गाऱ्हाणं घातलं. गुरवांनी देवीला पाकळ्या लावल्या, कुठल्या बाजूची पडते त्यावरून होकार की नकार ते ठरतं. विचारलं काय, तर रोबोटाकडून ऑपरेशन करून घ्यायचं का? डावा कौल आला, म्हणजे नकार. ‘यंत्राक काय कळता?’ एवढंच बोलून भावोजी उठले. आम्ही कणकवलीहून तुतारी एक्सप्रेसने मुंबईला गेलो. ते स्टेशनवरसुद्धा आले नाहीत.

देवीवर माझा राग नाही, कधीच नव्हता. माझं म्हणणं एवढंच की विचारलं ते चुकीचं विचारलं. रोबोट ऑपरेशन करत नाही. डॉक्टर त्याच खोलीत कन्सोलवर, म्हणजे यंत्र चालवायच्या टेबलाशी, बसतात, त्यांची बोटं हलतील तेवढंच आतलं अवजार हलतं. २००० सालापासून अमेरिकेत या यंत्राला परवानगी आहे, हे काही काल निघालेलं नाही. या डॉक्टरांच्या हातून करून घ्यायचं का, हे विचारायला हवं होतं. कौल कुठला आला असता मी सांगू शकत नाही, पण प्रश्न तरी खरा झाला असता.

तुमच्या प्रश्नाचंही तेच. काढायची ती पहिली बरगडीच, वाट वेगळी. काखेतून जायची रीत १९६६ पासूनची आहे, कॉलरबोनच्या वरून जायचीही जुनी. या दोन्हींत नसा आणि रक्तवाहिन्या वाटेत येतात, त्या बाजूला धराव्या लागतात. रोबोटिकमध्ये कुशीला बारीक छेद घेऊन छातीच्या आतून जातात. एका फुप्फुसाची हवा तेवढा वेळ बंद ठेवतात आणि बरगडी थेट समोर दिसते, नसा तिच्या पलीकडे राहतात. म्हणून मला ते पटलं. ऑपरेशननंतर छातीत नळी होती, चौथ्या दिवशी घरी सोडलं. पहिला आठवडा श्वास घेताना चांगलंच दुखलं, हे लपवणार नाही.

पण कुणाला मानेतला तो स्नायू पूर्ण काढायचा असेल किंवा नसांभोवतीचा चिवट थर सोडवायचा असेल, तर कॉलरबोनच्या वरून केलेलंच बरं पडतं. रोबोटिकचे जे निकाल छापून आलेत ते बहुतेक एकेका केंद्रातले आहेत, तेव्हा ‘रोबोट म्हणजे सर्वात उत्तम’ असं सांगणाऱ्यावरही विश्वास ठेवू नका. डॉक्टरांना तोंडावर विचारा, तुम्ही ही बरगडी आजवर कितीदा काढलीत? रक्तस्राव झाला तर छाती उघडायची तयारी आहे का? विम्याचं लेखी घ्या. २०१९ साली विमा नियामकाने रोबोटिक शस्त्रक्रिया आधुनिक उपचारांच्या यादीत घातली, तरी कंपन्या रकमेला मर्यादा लावतात.

आणि बहिणीने किमान काही महिने मनापासून व्यायाम केले नसतील तर आधी ते. माझी करंगळी पावसाळ्यात अजून थोडी बधिर होते. पण यंदा पेट्या मी भरल्या, भावोजींच्या समोर बसून. ते काही बोलले नाहीत, मीही नाही.

हे सगळं नस दबण्याबद्दल लिहिलंय. बहिणीचा हात एकाएकी सुजला, निळसर पडला तर शिरेत गुठळी असू शकते. तेव्हा यातलं काहीच वाचत बसू नका, रात्रीच्या गाडीचीही वाट बघू नका. जवळ जिथे सोनोग्राफी होईल तिथे त्याच दिवशी न्या. गुठळी पहिल्या दोन आठवड्यांत विरघळवता येते, नंतर ते कठीण होत जातं.