गोल घागर, चपटे फोटो आणि थ्रीडीची भानगड

प्रश्न : आजीची पितळी घागर आहे. मुलगा बाहेरदेशी असतो, त्याला तिचं थ्रीडी मॉडेल पाठवायचं म्हणून घागरीभोवती फिरून मोबाइलवर भरपूर फोटो काढले. सॉफ्टवेअरमध्ये टाकले तर खालची फरशी मस्त आली आणि घागरीच्या जागी खड्डे पडलेला गोळा! त्याआधी लाकडी पाट केला होता तो पहिल्या झटक्यात झाला. गोल वस्तूंचं होतच नाही का? – एक वाचक, सांगली

उत्तर : होतं हो. गोलपणाचा दोष आहे पण अर्धाच, बाकी अर्धा चकाकीचा. फोटो काढायच्या आधी पितांबरीने घासून लख्ख केली होतीत ना घागर? तिथेच घोळ.

सॉफ्टवेअर काय करतं, तर दोन फोटोंत एकच खूण शोधतं, एखादा चरा, डाग, नक्षीचा कोपरा. मग दोन्ही वेळेला कॅमेरा कुठे होता त्यावरून दोन रेषा सोडतं आणि त्या जिथे मिळतील तिथे ती खूण आहे असं धरतं. अशा हजारो खुणा जमल्या की आकार उभा राहतो. पाटाला लाकडाच्या रेषा आहेत, फरशीला ठिपके आहेत. लख्ख घागरीवर मात्र फक्त चमक, आणि ती घागरीला चिकटलेली नसते, तुम्ही एक पाऊल सरकलात की तीही सरकते. फुगीर पितळेत दिव्याचं प्रतिबिंब पृष्ठभागाच्या आत असल्यासारखं दिसतं, कॉम्प्युटर त्यालाच खूण समजतो आणि बिंदू घागरीच्या पोटात टाकतो, म्हणून ते खड्डे. मठारकाम केलेलं भांडं असेल तर विचारूच नका, प्रत्येक ठोक्याची चमक वेगळी पळते.

आता गोलपणाचा दोष. फोटोत घागरीची जी कड दिसते ती घागरीवर कुठे आहे सांगा बघू? कुठेच नाही. इथून बघितलं तर एक जागा कड होते, दोन पावलं पुढे गेलात की दुसरीच. पाटाची कड खरी असते, तिथेच राहते. तरी ही कड अगदीच वाया जात नाही, सगळ्या फोटोंतल्या बाह्याकृती एकमेकांत छेदून आकार काढायची पद्धत आहे, ब्रूस बॉमगार्टने १९७४ मध्ये स्टॅनफर्डच्या प्रबंधात मांडलेली. पण तिने पोटावरचा पोचा कधीच दिसणार नाही, कारण पोचा बाह्याकृतीत येत नाही.

तेव्हा घागर मळकीच राहू द्या. ढगाळ दिवशी व्हरांड्यात ठेवा, फ्लॅश बंद, पोर्ट्रेट मोड तर मुळीच नको, झूम बदलू नका. खाली छापील वर्तमानपत्र पसरा, अक्षरं म्हणजे आयत्या खुणा. तीन उंचींवरून फिरा, लागोपाठच्या दोन फोटोंत ७०-८० टक्के भाग तोच हवा. घागर फिरवून फोटो काढू नका, मागची भिंत स्थिर राहिली की सॉफ्टवेअर गोंधळतं. आणि शेजारी एक पट्टी ठेवाच, कारण नुसत्या फोटोंवरून ही खरी घागर की भातुकलीतली हे कॉम्प्युटरला कळत नाही. मेशरूम हे फोटोंवरून थ्रीडी मॉडेल करणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, पण पूर्ण कामाला एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड लागतं.

प्रश्न : वाडा पाडला, कोरीव खांब गेले. अल्बममधल्या फोटोंवरून खांब थ्रीडीत उभा करता येईल का? – एक वाचक, वाई

उत्तर : फोटो कसे आहेत त्यावर आहे. अफगाणिस्तानातल्या बामियानचा, कड्यात कोरलेला मोठा बुद्ध मार्च २००१ मध्ये तालिबानने उडवला, त्यानंतर झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातल्या आर्मिन ग्रून आणि सहकाऱ्यांनी तो फोटोंवरूनच कॉम्प्युटरवर उभा केला. इंटरनेटवरचे फोटो वापरून बघितले, पर्यटकांचेही बघितले, पण खरा उपयोग झाला तो ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या प्रा. कोस्टका यांनी १९७० मध्ये मोजणीच्या कॅमेऱ्याने काढलेल्या तीन फोटोंचा. तीनच! तरी चिवराच्या बारीक चुण्या कॉम्प्युटरला आपोआप जमल्या नाहीत, त्या माणसांनी हाताने बिंदू मोजून घेतल्या.

तुमच्याकडे एकच खांब दोन-तीन वेगवेगळ्या जागांवरून घेतलेला असेल तर आशा आहे, एकाच जागेवरून काढलेले दहा फोटो मात्र एकासारखेच. मुंजी-लग्नांचे अल्बम नातेवाइकांकडूनही मागवा, निगेटिव्ह असतील तर प्रिंट सोडून त्याच स्कॅन करा. खांबाची मागची बाजू कुणीच टिपली नसेल तर ती अंदाजानेच भरावी लागेल, आणि तसं मॉडेलवर स्पष्ट लिहा.